विहिरीचं विरजण

समुद्राला उकळी फुटलेली मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा माझ्या हातातला पाना गळून शेजारच्या इजिप्शियन इंजिनियरच्या बुटावर पडला. तो अरबीत मला काय म्हणाला ते तेव्हा कळलं नाही. पुढे अरबी समजायला लागल्यावर कळलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेलाच्या भरभराटीचे दिवस होते. सौदीत जिकडे पाहावं तिकडे क्रेन उभ्या. सुट्टीच्या दिवशी जेद्दाला गेलो की मागच्या खेपेला पाहिलेला मोकळा माळ सापडायचा नाही, तिथे इमारत उभी असायची. मी मुंबईच्या गोदीत पाइपफिटर होतो, तिथून थेट या मुलखात येऊन पडलो. जेद्दाच्या उत्तरेला थुवाल नावाचं कोळ्यांचं गाव होतं आणि त्याच्याही पुढे, समुद्राच्या काठी, आमचा कॅम्प. तिथे समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना उभा राहत होता. तो नेऊन कोकणातल्या आमच्या वाडीवर ठेवला असता तर वाडी, देऊळ आणि दारचा फणस, सगळं त्याच्याखाली झाकून गेलं असतं.

कारखान्याचं काम सांगायला सोपं आणि पाहायला अचाट होतं. एका बाजूने समुद्र आत घ्यायचा, तापवायचा आणि लोखंडी खोल्यांच्या रांगेतून पुढे सोडायचा. प्रत्येक खोलीतली हवा आधीच्या खोलीपेक्षा जास्त ओढून काढलेली असायची, त्यामुळे पाणी पुढच्या खोलीत शिरलं की खाली जाळ नसतानाही खवळून उकळायचं. वाफ वर चढायची, थंड नळ्यांना लागून तिचे थेंब व्हायचे, आणि मीठ खालच्या पाण्यात राहायचं. खोलीला जाड काचेची, ताटाएवढी खिडकी होती. त्या खिडकीतून मी पाहिलं आणि पाना पडला. मी खाडीच्या काठी जन्मलेला माणूस. खारं पाणी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तेच खारं पाणी तिथे आरडाओरडा करत उठत होतं आणि वरून निमूट, स्वच्छ होऊन टपकत होतं. मी हात जोडले. इंजिनियर बूट चोळत हसला.

पहिलं पाणी आलं त्या दिवशी सगळे नळापाशी जमले. फिलिपिनो, पाकिस्तानी, मल्याळी, आम्ही कोकणातले, आणि कफीलच्या, म्हणजे आम्हाला तिकडे आणणाऱ्या सौदी मालकाच्या, ऑफिसातले पांढऱ्या झग्यातले दोघे. जो तो ओंजळ पुढे करत होता. पाणी अगदी बेचव होतं, कारण पुढे चुनखडीच्या थरातून नेल्यावरच त्याला चव यायची. पण त्या दिवशी ते सगळ्यांना अमृत लागलं. मला मात्र ओंजळीत पाणी घेतल्याबरोबर आये दिसली, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन घाटी उतरणारी.

आमच्या घराच्या मागे विहीर आहे. पावसाळ्यात तिचं पाणी गोडं, थंडीत बरं, आणि होळी झाली की खाडी आत झिरपायला लागते, तशी ती खारी होते. मग पाऊस येईपर्यंत ते पाणी भांडी घासायला आणि माडांना. प्यायचं पाणी घाटीपलीकडच्या झऱ्यावरून आणायचं, तेही बायकांनी. आमच्या वाडीतल्या पुरुषाने खांद्यावर नांगर घेतला, डोक्यावर भाताचा भारा घेतला, खांद्यावर प्रेत घेतलं, पण पाण्याच्या कळशीला कधी हात लावला नाही. का ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझ्याआधी कॅम्पातला एक वेल्डर रजेवर गेला. तो खाडीपलीकडच्या गावचा. आमच्यात पद्धत अशी, की जो घरी जाईल त्याने बाकीच्यांची सामानं न्यायची आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन ओट्यावर बसून, चहा पिऊन, खुशाली सांगायची. नुसतं सामान टाकून जाणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी विचारत नसे. तर हा गृहस्थ आमच्या ओट्यावर बसला आणि चहाबरोबर पोहे मिळाल्यामुळे असेल, पण रंगात आला. "तुझो झिल समुद्राचा पाणी गोडां करता गो," असं त्याने आयेला सांगितलं. मी फक्त पाइपांची जोडणी करतो, हे सांगायचं त्याने सोयीस्कर टाळलं.

आयेला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या खाडीपलीकडचे एक मुसलमान शेजारी हज करून आले होते आणि त्यांनी आयेला मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्याची छोटी बाटली दिली होती. ती देवघरात गंगेच्या गडूशेजारी ठेवलेली. वाळवंटातून गोडं पाणी निघतं हे तिने आधीच ऐकलेलं, आता तिचा मुलगा समुद्रातून काढत होता. त्या मुलखाला पाण्याचं वरदान आहे, एवढं तिच्यापुरतं सिद्ध झालं.

ती ही बातमी घेऊन विहिरीवर गेली, आणि तिथे काकी होती.

काकी म्हणजे माझी धाकटी चुलती. आये आणि ती, दोघी विधवा, शेजारी शेजारी घरं आणि दोन्ही घरांच्या मधोमध एक फणस. तो कुणाचा यावरून दोघींचं वैर. एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला धावतील, पण फणसाचा विषय निघाला की काकीच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. तिने सगळ्या बायकांसमोर विचारलं, "समुद्र गोडो करता म्हणतस, मग आमची बाव कित्याक खारी?"

आये म्हणाली, "येवंदे माजो झिल. बाव गोडी करून दाखयतलो."

"बाव गोडी झाली तर फणस तुझो," काकी म्हणाली.

हा सगळा वृत्तांत मला वेल्डरने परत आल्यावर सांगितला, पोट धरून हसत. मी हसलो नाही. आये शब्द देऊन बसली होती, तोही वाडीसमोर, तोही काकीला. माझी रजा पुढच्याच महिन्यात होती.

काय न्यावं याचा विचार करून डोकं फिरलं. टू-इन-वन रेडिओ-टेप, ब्लँकेट, अत्तर, हे सगळेच नेत. शेवटी मी इंजिनियरकडे गेलो आणि म्हटलं, मला एक बाटली पाणी हवं, पहिल्या नळाचं, चुना लागण्याआधीचं. निदान आयेला दाखवता येईल, मी तिकडे काय करतो ते. इंजिनियरने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लोक इथून सोनं नेतात, आणि तू पाणी? मग एकदम गंभीर झाला. त्याचं गाव नाईलच्या काठचं, त्याच्याही आईने पाणी वाहिलं असणार. "यल्ला," म्हणाला, म्हणजे चल, आणि हाताने घेऊन जा अशी खूण केली. मी सरबताची काचेची बाटली धुऊन भरली आणि बुचाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून ते आवळलं. पाइपफिटरची बाटली गळली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

ऑफिसातून पासपोर्ट मिळाला, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, जमा केला आणि विमानात बसलो. मुंबईच्या कस्टमवाल्याने टू-इन-वनकडे ढुंकून पाहिलं नाही, बाटली मात्र उचलली.

"यात काय?"

"पाणी."

"सौदीतून पाणी आणलंस?" त्याने बूच फिरवून पाहिलं, हलेना. साहेबांना बोलावलं. साहेबांनाही हलेना. शेवटी मीच ते उघडून दिलं. दोघांनी आळीपाळीने हुंगलं. दारू नाही, अत्तर नाही, झमझमही नाही असं मीच सांगितलेलं. एवढ्या बंदोबस्तात आणलेलं साधं पाणी पाहून ते बिचारे हिरमुसले. त्यांनी मला सोडलं, पण मागे वळून पाहिलं तेव्हा साहेब अजून माझ्याकडेच बघत होता.

एसटीने खाडीपर्यंत आणि तिथून होडीने वाडीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वाळवंटात राहून आलेल्या डोळ्यांना तो हिरवा रंग झेपेना. माड, पोफळी, केळी, एकाला एक लागून उभी. लहानपणापासून रोज पाहिलेलं सगळं, आणि मी होडीत उभा राहून परक्यासारखा पाहत होतो. होडीवाला म्हणाला, "बस रे, पडशीत!"

आयेने दारातच गूळपाणी दिलं. मी गटागटा प्यायलो. आणखी मागितलं, तिने आणखी दिलं. ते संपल्यावर रिकाम्या तांब्याकडे पाहून माझ्या ध्यानात आलं, की होळी होऊन गेली आहे, म्हणजे हे पाणी घाटीपलीकडून आलंय.

मी बाटली काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, ह्यां समुद्राचा पाणी, आमी गोडां केललां. तिने ती दोन्ही हातांत धरली, उन्हात धरून पाहिली आणि कपाळाला लावली. मी तिला समजावून सांगणार होतो. पण कॅम्पातल्या लोकांची सामानं माझ्याकडे होती आणि भरती असेपर्यंत होडी पलीकडे जाणार होती. आल्यावर निवांत सांगू म्हणून मी निघालो. त्या दिवशी किती घरांचा चहा पोटात गेला देव जाणे. दिवेलागणीला परतलो तेव्हा घरात कुणी नव्हतं. मागच्या दारी बायकांचा आवाज येत होता.

विहिरीभोवती सगळी वाडी जमली होती. काठावर हळदकुंकू आणि जास्वंदीची फुलं. माडाच्या पात्यांचे विणलेले झाप विहिरीच्या तोंडावर पसरून आये त्यांवर दगड ठेवत होती. रहाटाचा दोर काढून ठेवलेला. आणि पायरीवर माझी बाटली, रिकामी.

"आये, ह्यां काय केलंस?"

"विरजण लायलंय," ती म्हणाली. "आता सकाळपर्यंत कोणी हलवचां नाय."

मी बाटली उचलून पायरीवर बसलो. बायका पांगल्यावर मी आयेला चुलीपुढे बसवलं. भाताच्या टोपावरची झाकणी उचलली, तिच्या आतले थेंब दाखवले आणि म्हटलं, हे बघ, हेच करतो आम्ही. पाणी तापवायचं, वाफ धरायची, तिचे थेंब गोळा करायचे. ज्या पाण्याची वाफ होईल तेवढंच गोडं. त्याचं विरजण लागत नाही.

तिने झाकणीकडे पाहिलं. भात कच्चा राहील म्हणून ती माझ्या हातातून घेऊन परत ठेवली. मग म्हणाली, "दुधाचा दही कसा होता, ता तुका कळता?"

"नाय," मी कबूल केलं.

"तरी होता मा?"

तिला माझं म्हणणं कळलंच नाही असं नव्हतं. तिचा चेहरा उतरला होता. पण शब्द दिलेला होता आणि विरजणही घातलेलं होतं. आता सकाळी काकी येणार, पाणी चाखणार, आणि मग आयेला या वाडीत जन्मभर ते ऐकावं लागणार. अमक्याच्या लग्नात, तमक्याच्या बारशाला, दरवेळी कुणीतरी विरजणाची गोष्ट काढणार. मला त्या वेल्डरचा गळा धरावासा वाटला. मला त्या बाटलीचाही राग आला आणि टेफ्लॉन टेपचाही.

सकाळी बायका कळश्या घेऊन आल्या. रोजच्यासारखी बडबड नव्हती. आयेने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. तिने दगड काढले, झाप बाजूला केले, दोर रहाटावर चढवला आणि स्वतः पाणी ओढलं. कळशी काठावर टेकवून ती काकीला म्हणाली, "पयलां तू."

काकी पुढे झाली. तिने ओंजळ धरली, आयेने पाणी ओतलं. मी काकीच्या तोंडाकडे पाहत होतो. या बायकांच्या जिभांना कुणी फसवू शकत नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाचं पाणी कुठलं आणि खालच्या अंगाचं कुठलं, हे त्या नुसत्या घोटावरून सांगतात. काकी प्यायली. ओठ पुसले. एकदा आयेकडे पाहिलं, तिच्या त्या ठेवणीतल्या लुगड्याकडे पाहिलं.

"गोडां आसा," काकी म्हणाली.

माझा कानांवर विश्वास बसेना. मागची बाई पुढे आली, प्यायली, म्हणाली, "होय गो, गोडां लागता." मग तिच्या मागची. मग आणखी एक, जिला प्यायल्यावर खोकला आला तरी तिने मान हलवून होकार भरला. एकामागून एक त्या ओंजळी पुढे करत होत्या, खारं पाणी पित होत्या आणि गोडं म्हणत होत्या. थुवालच्या त्या काचेच्या खिडकीतून पाहताना पाना तरी हातातून पडला होता. इथे हात रिकामे होते. मी रहाटाचा खांब धरून उभा राहिलो आणि माझे डोळे भरून आले. एवढं मोठं काही मी त्या अख्ख्या कारखान्यात पाहिलं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. काकीने तर एका घोटात फणस देऊन टाकला होता.

शेवटी आयेने स्वतः ओंजळ भरली. सावकाश प्यायली.

"खारांच आसा," ती म्हणाली.

"गोडां आसा," काकी म्हणाली.

"खारां आसा गो! उगीच माज्यासाठी खोटा बोला नको. फणस तुझोच."

"माका गोडां लागला. फणस तुझो."

"माका नको तुझो फणस!"

"माका पण नको!"

आणि त्या दोघी, ज्या इतकी वर्षं फणस माझा म्हणून भांडल्या, त्या सकाळी फणस तुझा म्हणून भांडायला लागल्या, तितक्याच जोरात, तसेच हात नाचवत. कुणीतरी आधी हसलं. मग सगळ्याच हसल्या. आये हसता हसता पदराने डोळे पुसू लागली आणि काकीने तिच्या पाठीवर एक धपाटा घातला. त्यानंतर फणसाचा विषय कधी निघाला नाही. फणस पिकला की काकी तो फोडायची आणि अर्धे गरे आमच्याकडे यायचे.

हसणं ओसरलं तसं ऊन वर आलं. प्यायचं पाणी अजून कुणीच आणलं नव्हतं. आयेने कळशीतलं पाणी माडाच्या आळ्यात ओतलं, कळशी कमरेवर घेतली, हंड्यासाठी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि घाटीकडे वळली. पाठीत थोडी वाकली होती. ते मला काल दारात दिसलं नव्हतं.

मी तिच्या कमरेवरची कळशी काढून घेतली. हंडाही घेतला.

"रे, सोड," ती घाबरून म्हणाली. "लोक काय म्हणतले?"

लोक म्हणालेच. बांधावर बसलेले पुरुष माझ्याकडे बघत राहिले. एकाने ओरडून विचारलं की सौदीत हेच शिकवतात काय. मी म्हटलं, होय, हेच. खोटं नव्हतं ते. कॅम्पात आम्ही जेवण केलं, कपडे धुतले, पाण्याचे पिंप भरले, आणि कुणाच्या मिश्या गळून पडल्या नाहीत. बायकांच्या रांगेत मी शेवटी चाललो. घाटी चढताना दम लागला, उतरताना पाय घसरला, हंडा डोक्यावर ठरेना म्हणून खांद्यावर घेतला आणि अर्धा सदरा भिजवला. पुढे चालणारी काकी मागे वळून वळून मला चिडवत होती. ती हे कधीपासून करते आहे, आये कधीपासून करते आहे, हे माझ्या मनात येत होतं, पण मोजायचं धाडस झालं नाही.

घरी आलो तेव्हा आये दाराच्या पायरीवर बसली होती. काम नसताना बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. मी आत जाऊन तांब्या घेतला, हंड्यातलं पाणी त्यात ओतलं, गुळाचा खडा काढला आणि दोन्ही तिच्यापुढे धरलं, काल तिने माझ्यापुढे धरलं होतं तसं.

तिने गूळ तोंडात टाकला. तांब्या वर करून पाणी प्यायली, न थांबता, शेवटपर्यंत. मग तांब्या मांडीवर ठेवला.

"जल्मात पयल्यांदाच दुसऱ्यान आणललां पाणी पितंय रे," ती म्हणाली. "लय गोडां आसा."